कामगार पुढाऱ्याची निवडणूक आणि सभासदांची वर्गणी : एक खुलासा

संघटनेचा पुढारी आमदार झाला म्हणजे तो सभासदांच्या वर्गणीवर निवडून आला आणि पुढे मंत्री झाला तरी संघटना त्याच्याच मुठीत राहते, असा एक मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे.

भारतातील 1926 च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनेचा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येतो हे ठरवून दिले होते आणि उमेदवाराचा निवडणूक खर्च त्यात बसत नव्हता. त्यासाठी स्वतंत्र राजकीय निधी उभारावा लागे. या निधीला पैसे देण्याची सक्ती कोणावर करता येत नसे आणि न देणाऱ्याला संघटनेच्या लाभांतून वगळता येत नसे, ही तरतूद बहुतेक सभासदांनाही ठाऊक नसते. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही वेगळा निधी आणि ऐच्छिक वर्गणी हे तत्त्व कायम आहे.

राहिला मंत्रिपदाचा प्रश्न. 1926 च्या कायद्यात 2001 साली झालेल्या दुरुस्तीपासून मंत्रिमंडळातील व्यक्तीला नोंदणीकृत संघटनेचा पदाधिकारी राहता येत नाही. नुसत्या आमदारकीने मात्र ही बंदी लागू होत नाही आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. पद सोडल्यावरही वजन टिकू शकते, हे खरे. पण धनादेशावर सही करण्याचा अधिकार त्या वजनाने मिळत नाही.

खातरजमा करायची असल्यास सभासदाने आधी संघटनेची नियमावली पाहावी, मग हिशेबाच्या वह्या मागाव्यात, कारण त्या तपासण्याचा हक्क सभासदाला दिलेला आहे, आणि निबंधकाकडे, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दरवर्षी जाणाऱ्या लेखापरीक्षित विवरणपत्राशी त्या ताडून घ्याव्यात.