नवी ड्रेनेज लाईन पडण्याआधी आपला चेंबर उघडा

कोल्हापुरात एखाद्या गल्लीत ड्रेनेजची लाईन बदलणार अशी कुणकुण लागली की आमचा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला असतो, "कनेक्शन कितीला करून देता?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे: चेंबर (घरचं सांडपाणी लाईनीत जाण्याआधी जिथं येतं तो झाकणाचा खड्डा) उघडून त्याची लेव्हल, म्हणजे तो किती खोल आहे ते, बघितल्याशिवाय दर सांगत नाही. काहींना ही टाळाटाळ वाटते, म्हणून हे पत्रक.

आमचा वेळ खोदाईत जात नाही, चेंबर शोधण्यात जातो. नवी फरशी बसवताना तो खाली गाडला गेलेला असतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तर बऱ्याचदा तो मागच्या अंगाला असतो आणि पाइप बोळातून लांबवर पुढं आलेला असतो. सर्व्हेची माणसं दारात येतात तेव्हा "असंल मोरीखाली कुठंतरी" एवढं सांगून त्यांची बोळवण होते. मग लाईनची खोली रस्त्यावरच्या मेनहोलवरून ठरते. रस्ता पक्का झाल्यावर आम्हाला बोलावणं येतं आणि तेव्हा कळतं, घरचा पाइप नव्या लाईनपेक्षा खाली आहे. आता पुन्हा रस्ता फोडायची परवानगी, खोदाईचे पैसे आणि शेजाऱ्यांच्या शिव्या. सांडपाणी चढाला जात नाही, पाइप कितीही भारी कंपनीचा असू दे.

हिशेब सोपा आहे. 4 इंची पाइपला साधारण 60 फुटांत 1 फूट उतार लागतो. चेंबर मेन लाईनपासून 30 फुटांवर असेल तर लाईन चेंबरच्या तळापेक्षा अर्धा फूट तरी खाली हवी. हे माप रस्त्यापासून घेऊ नका. आपल्याकडे जुन्या डांबरावरच नवं डांबर चढतं आणि दर वेळी घर तेवढं खड्ड्यात जातं. उंबरठ्यापासून चेंबरच्या तळापर्यंत मोजा आणि आकडा भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा.

आकडा हातात असला की अर्जाला वजन येतं. अर्ज मात्र एकट्याचा नको. तालमीत किंवा मंडळात बसून अख्ख्या गल्लीचा करा आणि गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या. "नगरसेवकांच्या कानावर घातलंय" यावर थांबू नका. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं महापालिकेत प्रशासकच होते. अशा वेळी पोच असलेला कागदच दाखवता येतो. अभियंते गल्लीत आले की गप्पा रस्ता कधी होणार यावरच रंगतात. त्याआधी एवढं विचारा: लाईनची खोली आमच्या सगळ्यात खालच्या घराला पुरते का?

छताचं पाणी ड्रेनेजला जोडून द्या, असा आग्रह धरू नका. 1000 चौरस फूट स्लॅबवर 1 इंच पाऊस म्हणजे सुमारे 2,300 लिटर पाणी. ते मैलापाण्याच्या लाईनीत गेलं की खालच्या घराच्या मोरीतून वर येतं. जादा पैसे दिले तरी आम्ही हे काम करत नाही.

2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी दारात पाहिला, त्या दुधाळी, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर भागातल्या ग्राहकांना आम्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे लाईनीतलं पाणी उलटं घरात येऊ न देणारी झडप, सुचवतो. तो बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दर मे महिन्यात तो साफ करावा लागतो, तेही आम्ही करतो.

पाहणीचे पैसे आम्ही घेतो. काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वजा होतात. गल्लीतल्या सगळ्या घरांची मापं एकदम घेतली तर घरटी खर्च बराच उतरतो आणि अर्जाला जोडायला लेव्हलचा कच्चा नकाशा मिळतो. पुढचं काम दुसऱ्या कोणाला दिलंत तरी नकाशा तुमचाच.

आम्ही येण्याआधी चेंबरवरच्या कुंड्या आणि पाण्याचं बॅरल तेवढं हलवून ठेवा.