ग्रान (स्पॅनिश विशेषण)

ग्रान हे स्पॅनिशमधील ‘ग्रान्दे’ (मोठा) या विशेषणाचे आखूड रूप आहे. मूळ शब्द लॅटिन ‘ग्रान्दिस’. एकवचनी नामाच्या आधी आल्यास ‘ग्रान्दे’मधला शेवटचा ‘दे’ गळतो. नामानंतर आल्यास शब्द पुरा राहतो.

या रूपाची खरी गंमत अर्थात आहे. ‘ऊन ओंब्रे ग्रान्दे’ म्हणजे अंगापिंडाने मोठा माणूस. ‘ऊन ग्रान ओंब्रे’ म्हणजे थोर माणूस. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो. मराठीत ‘मोठा माणूस’ म्हटले की धिप्पाड, वयाने मोठा की कर्तृत्वाने मोठा, हे संदर्भावरून ताडावे लागते. नेमके सांगायचे तर ‘थोर’ हा वेगळा शब्द घ्यावा लागतो. त्याच ‘थोर’वरून आपल्याकडे ‘थोरला भाऊ’ होतो. मेक्सिकोतही थोरल्या भावाला ‘एर्मानो ग्रान्दे’ म्हणतात, तिथे ‘ग्रान्दे’ नामानंतरच येतो.

जागेचा हा नियम काटेकोर मात्र नाही. ‘ग्रान कान्तिदाद’ (मोठे प्रमाण) यात थोरवीचा संबंध नाही, आणि ‘ऊना ग्रान कासा’ हे घर प्रशस्तही असू शकते, दिमाखदारही. उलट नावात ‘ग्रान’ असले म्हणजे आकार सर्वांत मोठा असतोच असे नाही: कॅनरी बेटांत ग्रान कानारिया क्षेत्रफळाने तिसरे आहे, तेनेरीफे आणि फुएर्तेव्हेंतुरा त्याहून मोठी.

‘मोठा, मोठी, मोठे’ची सवय असलेला मराठी विद्यार्थी स्त्रीलिंगासाठी हमखास ‘ग्रान्दा’ करू पाहतो. तसे रूपच नाही. ‘ग्रान’ दोन्ही लिंगांत चालते: ‘ऊना ग्रान मुखेर’ (थोर स्त्री). ‘बुएनो’चे (चांगला) ‘बुएन’ हे आखूड रूप मात्र फक्त पुल्लिंगी: ‘बुएन आमीगो’, पण ‘बुएना आमीगा’. अनेकवचनात काहीच गळत नाही, ‘ग्रान्देस ओंब्रेस’च म्हणायचे. आधी ‘मास’ (अधिक) आला तरीही पूर्ण रूप राहते.

उच्चारात ‘ग्रान’मधला ‘न’ पुढच्या अक्षराकडे झुकतो. माद्रिदमध्ये 1910 साली ज्याचे काम सुरू झाले तो ‘ग्रान व्हीआ’ हा प्रसिद्ध रस्ता स्थानिकांच्या तोंडी ‘ग्राम्बीआ’ असा ऐकू येतो.