फुस्स कुठून येतंय ते ऐका

छोट्या विमानाच्या इंजिनाचं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवतो ते, तपासताना मेकॅनिक गेज तर बघतोच पण कानही लावतो. पिस्टन एकदम वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून 80 पीएसआय (दाबाचं एकक) दाबाची हवा सोडायची आणि कुणीतरी प्रोपेलर घट्ट धरून उभं राहायचं, कारण तो सुटला तर हात गेलाच म्हणून समजा. आता सायलेन्सरमधून फुस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, आणि ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर हवा रिंगांच्या, म्हणजे पिस्टनभोवती बसवलेल्या धातूच्या कड्यांच्या, कडेने खाली पळतेय. थोडी पळणारच, रिंग अखंड नसते, तिला एका जागी गॅप असते ना.

आपल्याला वाटतं रिंग स्वतःच्या स्प्रिंगने सिलिंडरला चिकटून बसते. तो जोर किरकोळ असतो हो! खरा जोर जळलेल्या गॅसचा, तो पिस्टनवरच्या खाचेत, जिथे रिंग बसते, तिच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. शिवाय पिस्टनची बरीचशी उष्णता रिंगांमधूनच सिलिंडरकडे जाते. म्हणून खाचेत कार्बन बसून रिंग जाम झाली की दुहेरी मार, गरम गॅस खाली निसटतो आणि पिस्टन गारही होत नाही, मग तिथलं ऑइल करपतं, अजून कार्बन, रिंग अजून जाम. ऑइल जास्त पितंय असं पायलट म्हणायला लागतो तेव्हा हे बऱ्याचदा आधीच सुरू झालेलं असतं.

डिटोनेशनचं प्रकरण वेगळं. इंधन सावकाश जळत जाण्याऐवजी उरलेलं एकदम भडकतं, दाबाचे हातोडे बसतात आणि दोन रिंगांमधली ॲल्युमिनियमची पातळ कड तुटते. प्री-इग्निशन तर त्याहून वाईट, ठिणगीच्या आधीच पेट घेतला तर पिस्टनला भोक पडायला मिनिटभरही पुरतं.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित शत्रू म्हणजे नुसतं उभं राहणं. विमान महिनोन्‌महिने हलत नाही, सिलिंडरवरचं ऑइल ओघळून जातं, गंज धरतो, आणि पुढच्या स्टार्टला तोच गंज रिंगांना कानशीसारखा घासतो. यावर उपाय म्हणून लोक पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करतात, त्यात ऑइल पुरेसं तापतच नाही आणि ज्वलनातून आलेलं पाणी आतच राहतं. काहीजण हाताने प्रोपेलर फिरवून ठेवतात, त्याने तर उरलासुरला ऑइलचा थर पण रिंगा खरवडून काढतात.