शिळे पाणी (नाशिक)

आदल्या दिवशी भरून ठेवलेले आणि खराब झालेले नसतानाही नळाला ताजे पाणी आले म्हणून ओतून दिले जाणारे घरगुती पाणी. नाशिकमध्ये पाण्याची नासाडी म्हटली की पाइप लावून धुतलेली गाडी आठवते. मोरीत उपडा होणारा हंडा कोणी नासाडीत धरत नाही.

शहराची मुख्य भिस्त गोदावरीवरील गंगापूर धरणावर (१९६५) आहे. जोडीला दारणा व मुकणे. शुद्ध केलेले पाणी जलकुंभांतून ठरावीक वेळेलाच सुटते, त्यामुळे ते भरून ठेवणे घरोघरी भागच पडते. ‘पाणी आलं!’ अशी हाक जिन्यात घुमली की ओट्याखालचा हंडा बाहेर येतो. तळाशी उरलेले कालचे पाणी मोरीत जाते, तांब्याभर ताज्या पाण्याने हंडा विसळला जातो, ते विसळणही त्याच वाटेने जाते आणि मग हंडा तोटीखाली लागतो. अर्धा हंडा आणि उरलेली कळशी मिळून दहा-बारा लिटर सहज होतात. शहरी पुरवठ्याचे सर्वमान्य माप माणशी रोज १३५ लिटर आहे, हे इथे ध्यानात घ्यावे.

हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. शिळे खाऊ नये, शिळे वाढू नये, हा घरातला जुना संस्कार पाण्यालाही लावला गेला आहे. पण पाणी अन्नासारखे रात्रीत विटत नाही. शुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. भांडे स्वच्छ, झाकलेले आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे असेल तर दुसऱ्या दिवशीही ते निर्धास्त प्यावे. उघड्या पिंपाची गोष्ट वेगळी. डेंग्यूचा डास साठवणीच्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप कोरडे करून घासलेच पाहिजे. त्यातले पाणी मात्र फरशीला, कुंडीला, संडासाला चालते.

गच्चीवरची टाकी हे याच सवयीचे मोठे रूप. मिनिटाला वीस लिटर चढवणारी मोटर दहा मिनिटे विसरली, तर दोनशे लिटर पन्हाळीतून जातात. आरओ यंत्र लिटरभर पाण्यामागे बहुधा तीनेक लिटर बाहेर टाकते. त्याची नळी बादलीत सोडणारी घरे सुदैवाने पुष्कळ आहेत.

एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले, तेव्हा भाजी धुतलेले पाणीसुद्धा तुळशीला जात होते. पाऊस झाला, धरण भरले आणि हंडे पुन्हा मोरीत रिकामे होऊ लागले. मोरीतले हे पाणी गटारातून तपोवन, आगरटाकळीसारख्या मलनिस्सारण केंद्रांकडे जाते. ओठाला न लागलेले कालचे पाणीही तिथे मैलापाणी म्हणूनच पोहोचते आणि ते पुन्हा शुद्ध करूनच गोदावरीत सोडावे लागते.