शालेय मूल्यमापन (ठाणे जिल्हा)

विद्यार्थ्याला काय येते आणि शाळेत राबवलेल्या उपक्रमामुळे त्यात किती भर पडली, हे तपासण्याची पद्धत. ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात एकेक मूल पाहायचे असते, दुसऱ्यात उपक्रम. एकाच चाचणीवर दोन्ही उरकली की दोन्ही निष्कर्ष लंगडे पडतात.

ठाणे जिल्ह्यात हे काम विशेष अवघड आहे. नवी मुंबई महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांचे वर्ग भरतात. भिवंडीत यंत्रमाग कामगारांची, शहापूर-मुरबाडकडे ठाकूर आणि कातकरी समाजांतली मुले शिकतात. खाडीकाठच्या गावांत घरची बोली आगरी किंवा कोळी असते.

शिक्षण हक्क अधिनियम २००९च्या कलम २९ मध्ये सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापनाची तरतूद आहे. अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासन निर्णय काढून ही पद्धत पहिली ते आठवीसाठी स्वीकारली. तीत पहिली-दुसरीला आकारिक (शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ७० टक्के, तर संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाचा ३० टक्के ठेवला गेला. इयत्ता वाढते तसा आकारिकचा वाटा घटतो आणि सातवी-आठवीला तो ४० टक्क्यांवर येतो. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची साधने. यांतले तोंडीकाम फार मोलाचे आहे आणि सर्वांत आधी कात्रीही त्यालाच लागते, कारण पटावरच्या प्रत्येक मुलाशी बोलायला वेळ लागतो.

समजा, चाचणीत प्रश्न आहे : ‘एक डझन केळ्यांची किंमत ६० रुपये असल्यास ५ केळ्यांची किंमत काढा.’ तुर्भ्यातल्या एखाद्या मुलीचे आईवडील वाशीच्या घाऊक बाजारात काम करतात. ती हेच तोंडी विचारल्यावर ‘पंचवीस’ म्हणून मोकळी होते. कागदावर मात्र जागा कोरी राहते, कारण वाक्य वाचताना ती अडखळते. गणितात शून्य दिले, तर तिच्या गणिताविषयी खोटी माहिती नोंदली जाते. ‘एकमान पद्धतीचा हिशेब तोंडी करते, शाब्दिक उदाहरण वाचायला मदत लागते’ ही खरी वर्णनात्मक नोंद, कारण उद्या काय शिकवायचे ते तिच्यातून कळते. तयार पुस्तिकांतून उतरवलेले ‘अभ्यासात रुची घेते’ यासारखे वाक्य कोणत्याही मुलाला चिकटवता येते, म्हणूनच ते निरुपयोगी.

बोलीचेही तसेच. परिसर अभ्यासाच्या उत्तरात मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले, तरी आशय बरोबर असल्यास त्या विषयाचे गुण पूर्ण द्यावेत; शुद्धलेखनाची नोंद भाषा विषयात करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ने पात्र विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याची सोय केली आहे. ही सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे; तिच्यावाचून चाचणी ज्ञान मोजतच नाही. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आल्याने या खबरदारीचे महत्त्व वाढले आहे, कारण आता मूल त्याच वर्गात राहू शकते.

उपक्रमाचे मूल्यमापन करताना, उदाहरणार्थ वाचन-लेखनाच्या वर्गांआधी एक आणि नंतर एक चाचणी घेऊन सरासऱ्यांची तुलना होते. येथे जिल्ह्यातले स्थलांतर घात करते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. समजा, २० मुलांच्या वर्गाची पहिली सरासरी ४० गुण होती आणि प्रत्येकी २० गुणांची ५ मुले भट्टीवर गेली. उरलेल्या १५ जणांची मूळ सरासरीच सुमारे ४७ भरते. म्हणजे एकाही मुलाला नवे काही न येता उपक्रम ‘यशस्वी’ ठरतो! त्यामुळे तुलना दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच करावी आणि गेलेल्यांची संख्या अहवालात पहिल्याच पानावर द्यावी. स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी पत्रक सोबत गेले, तर भट्टीजवळच्या शाळेला मुलाची पातळी कळते.

राष्ट्रीय सर्वेक्षणांचा हेतू वेगळा असतो. १२ नोव्हेंबर २०२१ चे संपादणूक (मुलांनी किती आत्मसात केले याचे) सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचे होते. ४ डिसेंबर २०२४ चे ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचे सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचे. दोन्ही नमुना पद्धतीची असून जिल्ह्याचे चित्र दाखवतात. एखाद्या शिक्षकाला किंवा मुलाला जोखण्यासाठी ती वापरू नयेत.