मारू काय सोडू?

रेड अलर्टमुळे कॉलेज बंद, किनाऱ्यावर होड्या झापांखाली. मालवणातल्या अशा दुपारी भाचा कॉम्प्युटरसमोर बसला होता. "मामा, हिका मारू काय सोडू?"

पडद्यावर लहान मुलगी. २००७ सालचा 'बायोशॉक' हा व्हिडिओ गेम. मुलीच्या अंगात 'ॲडम' नावाचं द्रव्य असतं, ते देऊन खेळाडू नवनव्या शक्ती घेतो. तिचा जीव घेतला तर १६० मिळतात, वाचवलं तर ८०. पण तिघींना वाचवलं की २०० ची भेट येते, हे त्याला मित्राने आधीच सांगितलेलं. त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं: मारल्याचे ४८०, वाचवल्याचे ४४०.

"सोडतंय. चाळीसच जातत."

मुलगी वाचली खरी, पण चाळिसाऐवजी चारशेचा फटका असता तर? तो आकडा भाच्याने नाही, गेम बनवणाऱ्यांनी ठरवलेला. आपल्या जुन्या मोक्षपटातही पुण्याला शिडी आणि पापाला साप असे, पण तिथे सगळं दान पडेल तसं. इथे दान आपल्या हातात आहे असं वाटतं, आणि मेख तिथेच आहे.

कधी नुसती मांडणीच पुरते. 'मास इफेक्ट' या गेममध्ये संवादात आपलं उत्तर निवडायचं असतं: सज्जन उत्तर वर, आडदांड उत्तर खाली. एकाचा रंग निळा, दुसऱ्याचा लाल. सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जनपणाच्या वाटेने गेले, असं त्यावर काम केलेल्या एका डिझायनरने २०२० साली सांगितलं. पाटी लावलेला चांगुलपणा निवडायला डोकं लागत नाही, असं माझं मत. याउलट १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. पैसे किती द्यायचे ते आपणच टाइप करायचं. कमी दिले तरी ती बोलत नाही. गेम मात्र गुपचूप प्रामाणिकपणाचे गुण कापतो.

संध्याकाळी मी त्याला लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) लावून दिला. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. माणूस नीट तपासला की ५ क्रेडिट, त्यातून घरभाडं, जेवण, शेकोटीचा खर्च. घड्याळ पळत असतं. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. मुरलेले खेळाडू या दोन फुकटच्या चुका दयेसाठी राखून ठेवतात. म्हणजे कागद बिनचूक तपासणाऱ्यालाच दया परवडते! एवढ्या साध्या नियमातून एवढं निघतं, याचं मला अजून नवल वाटतं.

खिडकीशी एक नवरा आला. कागद चोख, हिरवा शिक्का. मागोमाग बायको, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. परत पाठवलं तर मारून टाकतील, म्हणाली. भाच्याचा हात माऊसवर थांबला. मग लाल शिक्का.

"दोन्ही वॉर्निंग आधीच संपल्यो, मामा."

मी काहीच विचारलं नव्हतं.