व्हीआर बायकांनाच जास्त का लागतं? आधी थोडं मागे जाऊया

गाडी लागते, बोट लागते, तसंच काही जणांना व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, लागतं. डोळ्यांवर स्क्रीनचा हेडसेट घातला की थोड्या वेळात मळमळ, घाम, डोकं जड, आणि माणूस तर खुर्चीतून हललेलासुद्धा नसतो. हे बायकांना जास्त होतं म्हटलं की "नाजूकच असतात" असं बोलून लोक मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण हा त्रास मोजायची पट्टी कोणावरून बनली ते आधी बघा.

१९५७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच उडवायचा सराव देणाऱ्या यंत्रात, वैमानिकांना मळमळतंय अशी नोंद झाली. डोळे सांगतात आपण उडतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागेवरच आहोत, या भांडणातून मळमळ होते, ही थिअरी रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५ मध्ये नीट मांडली. मग १९९३ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी १६ लक्षणांची प्रश्नावली बनवली जी आजही व्हीआरच्या अभ्यासात सर्रास वापरतात, पण तिचा डेटा नौदलाच्या सिम्युलेटरमधल्या वैमानिकांचा, म्हणजे बहुतेक सगळे पुरुषच. अमेरिकेत बायकांना लढाऊ विमानं उडवायची परवानगीच मुळात त्याच वर्षी मिळाली!

फरक खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. १९८० च्या दशकात जहाजांवरच्या २० हजारांच्या आसपास प्रवाशांचा सर्व्हे झाला त्यात उलट्यांचं प्रमाण बायका आणि पुरुष ५ ला ३ असं निघालं. पुरुष त्रास कमी सांगतात हा मुद्दा नेहमी येतो, पण मळमळ लपवता येते, उलटी लपवणं तेवढं सोपं नाही. पाळीच्या चक्राप्रमाणे त्रास कमीजास्त होतो का यावरही काम झालंय.

२०१६ ला ऑक्युलस रिफ्ट हा व्हीआर हेडसेट बाजारात आला आणि २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या टीमने १५ मिनिटांचा भुताटकीचा गेम खेळायला दिला तर १८ पैकी १४ बायकांना त्रास झाला, पुरुषांत १८ पैकी ६. त्याच अभ्यासात तोल सांभाळायचा दुसरा गेम दिला तेव्हा मात्र असा फरक दिसला नाही, म्हणजे काय खेळतोय यावरही अवलंबून आहे. या टीमचा भर शरीर तोल कसा सांभाळतं यावर होता, आजारी पडायच्या आधीच माणसाचं डोलणं वेगळं दिसतं म्हणे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो संशोधक स्टॅनी यांच्या टीमचा २०२० चा अभ्यास. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर बायकांचं सरासरी ६२ मिमीच्या आसपास, पुरुषांचं ६४, आणि त्यांनी वापरलेल्या एचटीसी व्हाइव्ह हेडसेटच्या दोन लेन्समधलं अंतर ६०.५ च्या खाली येतच नाही, त्यामुळे कितीतरी बायकांना तो हेडसेट बसतच नव्हता. ज्यांना नीट बसला आणि ज्यांना आधीपासून गाडी लागायचा फार त्रास नव्हता त्यांचा अनुभव पुरुषांसारखाच निघाला. आणि याच्या एकच वर्ष आधी आलेल्या रिफ्ट एस या हेडसेटमध्ये लेन्स सरकवायची सोय काढून अंतर ६३.५ मिमीला पक्कं करून टाकलं होतं.